घर पाहावं घेऊन

गेले सात वीकांत मी घरं बघतोय. ‘घर पाहावं बांधून’ असं ज्याने कुणी म्हणून ठेवलंय, त्याच्या काळी सॅम्पल फ्लॅट हा प्रकार नसावा. नाहीतर बांधायच्या आधी नुसतं बघण्यातच माणूस कसा अर्धा होतो, तेही त्याने म्हणून ठेवलं असतं.

झालं असं, की फेब्रुवारीत एका संध्याकाळी घरमालक काकांचा फोन आला. काकांचा फोन म्हणजे दर महिन्याच्या पाच तारखेला, सकाळी सव्वासातला, आणि विषय एकच: भाडं जमा झालं, आभारी आहे. संध्याकाळी फोन आला म्हणजे काहीतरी गडबड. काका म्हणाले, "आम्ही दोघं आता कायमचे मुलीकडे बंगळुरूला जातोय. फ्लॅट काढायचा म्हणतो. एजंटच्या कानावर घालायच्या आधी तुम्हाला विचारतोय. नऊ वर्षं राहिलात, पण भिंतीत एक खिळा विचारल्याशिवाय मारला नाहीत." (मारलेत. तीन. पण ते दाराच्या मागे आहेत. असो.) जूनपर्यंत काय ते सांगा म्हणाले. माणूस सज्जन.

तर फ्लॅट असा. कोथरूड, पौड रोडपासून आत दोन वळणं, आयडियल कॉलनीच्या अंगाला. १९९४ सालची इमारत, तिसरा मजला, दोन बेडरूम, कार्पेट ६४० स्क्वेअर फूट. लिफ्ट नाही. पार्किंग आहे असं म्हणता येईल, कारण खाली गाड्या उभ्या असतात. त्यात आपली कुठे, हे रोज रात्री नव्याने ठरतं. काकांनी किंमत सांगितली ती ऐकून मी "घरी बोलतो" म्हटलं, फोन ठेवला आणि पाणी प्यायलो.

आता त्याच पैशांत, म्हणजे अगदी त्याच पैशांत हं, चांदणी चौक ओलांडून भूगावच्या पुढे तीन बेडरूम मिळत होत्या. कार्पेट ९१०. दोन लिफ्ट, पोहण्याचा तलाव, क्लबहाऊस, दोन गाड्यांचं पार्किंग, आणि हॉलच्या खिडकीतून डोंगर. चांदणी चौकाचा तो कुप्रसिद्ध जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात पाडला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवा चौक खुला झाला, तेव्हापासून पलीकडचा प्रत्येक बिल्डर ‘कोथरूडपासून दहा मिनिटांवर’ असं लिहायला लागलाय. कुठल्या दहा मिनिटांत ते लिहीत नाहीत. पहाटे तीनच्या असाव्यात.

मी सॉफ्टवेअरवाला. मला निर्णय घ्यायचा असला की मी निर्णय घेत नाही, एक्सेल उघडतो. रकाने पाडले: कार्पेटचा दर, ऑफिस, शाळा, पार्किंग, पाणी, इमारतीचं वय, हवा, ‘ज्येष्ठांसाठी सोयी’. प्रत्येकाला वजन दिलं, दहापैकी गुण दिले. खर्चाचं वेगळं पान केलं. जुन्या घराला जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्याला पाच टक्के. पुणे शहरात मुद्रांक शुल्क सात टक्के, एकट्या बायकोच्या नावावर घेतलं तर सहा. नोंदणी फी एक टक्का, पण तीस हजारांच्या वर नाही. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही (काही सोसायट्या ‘ऐच्छिक देणगी’ नावाचं काहीतरी मागतात, ऐच्छिक या शब्दावर जोर देऊन). सगळं भरून झालं आणि भूगावकडचं घर ७८ गुणांनी पास झालं. काकांचा फ्लॅट ६१.

बायकोला दाखवलं. तिने बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "यात आईंचं वजन किती?"

"म्हणजे ज्येष्ठांसाठी सोयी. पाच टक्के. आणि त्यात तिकडच्या घराला दहापैकी नऊ आहेत. दोन लिफ्ट आहेत, जनरेटरवर. विरंगुळा कट्टा आहे."

"आईंना विचारलंस?"

नव्हतं विचारलं. आई आमच्याकडे येऊन सहा वर्षं झाली. बाबा गेल्यावर कराडचं घर बंद केलं आणि तिला इकडे आणलं तेव्हा वाटलं होतं, हिचं इथे कसं होणार. कराडात तिला अर्धं गाव ओळखायचं. सुरुवातीचे दोन महिने ती गॅलरीत बसून खालच्या स्कूटर मोजायची. नंतर कधीतरी तिने मोजणं सोडलं, पण तोपर्यंत माझी एक रिलीज चालू होती आणि माझं लक्ष नव्हतं. आता ती एकाहत्तरची आहे.

पुढच्या रविवारी तिला घेऊन साइटवर गेलो. गेटपासून ऑफिसपर्यंत बॅटरीवरची गाडी होती, त्यात लेक आणि आई पुढे बसल्या. टॅबलेट घेतलेला, टाय लावलेला एक मुलगा आम्हाला फिरवत होता. योगा डेक झाला, मिनी थिएटर झालं, विरंगुळा कट्टा झाला. कट्टा छानच होता, नकली गवत वगैरे. आईने विचारलं, "दळण कुठे मिळतं?"

तो म्हणाला, "मॅम, पीठ ॲपवर येतं ना. दहा-पंधरा मिनिटांत."

"हो रे बाळा, पीठ येईल. दळण म्हणते मी."

त्याने टॅबलेट उलटसुलट केला. त्यात दळण नव्हतं. मग आईने विचारलं की गेटच्या बाहेर पडलं की काय आहे? बाहेर हायवेसारखा रस्ता आहे, फूटपाथ नाही, पलीकडे एक हार्डवेअरचं दुकान आणि एक ढाबा. पाणी? पाण्याचं तो मुलगा "सध्या टँकर, पण पाइपलाइन प्लॅनमध्ये आहे" असं इतक्या सराईतपणे म्हणाला की मला माझ्याच डेमोमधली वाक्यं आठवली. आम्हीही ‘प्लॅनमध्ये आहे’ म्हणतो.

गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "छान आहे रे. तुम्हाला आवडलं तर घ्या."

ज्यांना मराठी आया आहेत त्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको.

पण मी हट्टी माणूस. मला नकाराचं कारण रकान्यात भरता येईल असं हवं होतं. म्हटलं, आई इथे नेमकं काय करते त्याचा डेटा काढू. पुढच्या शनिवारी तिला म्हटलं, आज मी तुझ्याबरोबर येतो. तिने संशयाने बघितलं. "तुला बरं वाटत नाहीये का?"

पावणेदहाला निघालो. तिच्या खांद्याला कापडी पिशवी, त्यात आणखी दोन पिशव्या, पासबुक, लायब्ररीची दोन पुस्तकं, चष्म्याचं घर. माझ्या हातात गव्हाचा डबा. पहिला मुक्काम गिरणी. मला वाटत होतं गिरणीत डबा ठेवायचा आणि निघायचं. नाही. आधी विचारायचं की आत्ता जात्यावर काय होतं. बाजरी झाली असेल तर थांबायचं, कुणाचे तरी गहू आधी जाऊ द्यायचे, मग आपले. तिथे एक आजोबा ज्वारी घेऊन उभे होते. कुणी कुणाच्या आधी जायचं यावर त्यांची आणि आईची जी चर्चा झाली ती आमच्या स्प्रिंट प्लॅनिंगपेक्षा कमी वेळात आणि जास्त समजुतीने झाली. दळण दुपारी पोरगा वर आणून देतो. मला हे नऊ वर्षांत माहीत नव्हतं. पीठ डब्यात असतं एवढंच माहीत.

मग बँक. पासबुकाचं मशीन बंद होतं. आई म्हणाली, शनिवारी बंदच असतं, सोमवारी येईन. "मग आज आणलंस कशाला?" तर म्हणे, चालू असलं तर! मग लायब्ररी, अर्ध्या शटरची, दोन पुस्तकांची वर्गणी. बाई आईसाठी एक पुस्तक बाजूला काढून ठेवून बसल्या होत्या. मग फॉल-पिकोवाली. मग डॉक्टरांचा दवाखाना. तिथे काही झालेलं नव्हतं, कंपाउंडर महिन्यातून एकदा येता-जाता रक्तदाब बघून कागदावर लिहून देतो, एवढंच.

पौड रोड ओलांडायचा होता. मी जीव मुठीत धरून दुभाजकाकडे निघालो, कारण गेली नऊ वर्षं मी तसाच ओलांडतो. आईने मला मागे ओढलं आणि सरळ मेट्रो स्टेशनात घेऊन गेली. लिफ्टने वर, चालत पलीकडे, लिफ्टने खाली. तिकीट नाही, काही नाही. ही मेट्रो २०२२ च्या मार्चमध्ये वनाजपासून गरवारे कॉलेजपर्यंत सुरू झाली तेव्हा "एवढ्याशा अंतराला कोण बसणार" असं म्हणणाऱ्यांत मी होतो. २०२४ च्या मार्चमध्ये ती रामवाडीपर्यंत गेली आणि मध्ये माझ्या ऑफिसचं कल्याणीनगर आलं, तेव्हापासून मी गप्प आहे. पण तोवर आईने तिचा स्वतःचा उपयोग शोधून ठेवला होता. तिच्या दृष्टीने ती रस्ता ओलांडायची लिफ्ट आहे, वरून गाड्याही जातात.

पलीकडे भाजीवाल्या मावशी. पालक, चाकवत, कोवळी मेथी. आई म्हणाली, "हा माझा मुलगा. तुमच्याकडे राहायला यायचं म्हणतोय." मावशी भूगावच्याच पुढच्या गावच्या निघाल्या. पहाटेच्या बसने भाजी घेऊन येतात, दुपारी परत जातात.

"आमच्याकडं? कशाला वो?" मावशी म्हणाल्या. "आमाला उन्हाळ्यात पानी न्हाई, तुमी अजून या. आन् समदे तिकडंच आला तर म्या भाजी कुनाला इकू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. आईने एक परत केली. जून होती.

बाराच्या सुमारास घराकडे वळलो. फोन सांगत होता: दोन तास दहा मिनिटं, दीड किलोमीटरच्या आसपास. मी आणखी एक मोजलं होतं. आई या वेळात चौदा माणसांशी बोलली. त्यातल्या दोघांनी मला चेहऱ्याने ओळखलं, बाकीच्यांना "हे आमचे चिरंजीव" असं सांगावं लागलं. म्हणजे तीन वर्षं मी इथे तिच्या आधी राहायला येऊनही. माझं कोथरूड म्हणजे पार्किंग, मेट्रो स्टेशन आणि शुक्रवारी रात्री जिथे गाडी लावायला मिळेल ते हॉटेल.

(या भागाला तसा चालण्याचा इतिहास आहे म्हणा. १९०० साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवांसाठीचा आश्रम शेजारच्या हिंगण्याला नेला, तेव्हा ते फर्ग्युसनमध्ये शिकवायचे आणि शिकवून झालं की चालत आश्रमात जायचे. रोज. तेव्हा तिकडे वस्ती नव्हती, धड रस्ता नव्हता. आज त्यांच्या नावाच्या रस्त्यावर, त्यांच्या पुतळ्यापाशी सिग्नलला उभं राहिलं की मनात येतं, आताही ते चालतच आधी पोचले असते.)

आता जिना.

एका मजल्याला अठरा पायऱ्या, एकूण चोपन्न. मी पिशव्या घेऊन पुढे होतो. दुसऱ्या मजल्यावर पोचून मागे बघितलं तर आई कठड्याला धरून एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवत, लहान मुलं चढतात तशी चढत होती. दुसऱ्या मजल्यावर आली आणि काही न बोलता तिथल्या स्टुलावर बसली.

ते निळं प्लॅस्टिकचं स्टूल दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या दाराबाहेर गेलं वर्षभर तरी आहे. मी रोज त्याला वळसा घालून जातो. दुधाच्या पिशव्या ठेवायला असेल, असं मी धरून चाललो होतो. सोसायटीच्या ग्रुपवर ‘जिन्यात सामान ठेवू नये’ असा मेसेज आला होता त्याला मी अंगठाही दिला होता. ते स्टूल काकूंनी आईसाठी ठेवलंय. आई बसल्याचा आवाज ऐकून काकूंनी दार उघडलं, पाण्याचा पेला दिला, मला बघून जराशा बावरल्या. आई बहुतेक रोज एकटी असते.

"कधीपासून दुखतायत गुडघे?"

"दुखतात कसले? चढताना जरा लागतं."

मग हळूहळू बाहेर आलं. आधी ती दिवसातून दोनदा उतरायची. सकाळी हा फेरा आणि संध्याकाळी थोरात उद्यानात तिच्या मैत्रिणींचा घोळका. दिवाळीपासून संध्याकाळ बंद आहे. मैत्रिणींना सांगितलंय की नातीचा अभ्यास घेते. संकष्टीला दशभुजाला जायची, ते तीन महिन्यांपासून नाही. मधे दोन-तीन दिवस उतरतच नाही. कामं साठवते आणि एका दिवशी सगळी करते. म्हणून ती पिशवी एवढी जड होती. म्हणून पासबुक, मशीन बंद असेल हे माहीत असूनही.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही लगेच लिफ्टवालं घर बघितलं असतं. कुठेतरी लांब."

आम्ही तेच करत होतो, तिने न बोलताच.

त्या रात्री मी एक्सेल उघडलं आणि नवा रकाना घातला. ‘दिवसातून किती वेळा कुणाला तरी सांगावं लागेल.’ सोडशील का, आणशील का, येताना घेशील का, या शनिवारी वेळ आहे का. भूगावच्या घरात आईच्या नावापुढे आकडा भरायला गेलो तर प्रत्येक गोष्टीला एक आला. दळण, बँक, पुस्तक, देऊळ, डॉक्टर, मैत्रीण. मग लेकीच्या नावापुढे भरला. आठ वर्षांची आहे, कोपऱ्यावरच्या दुकानातून वही आणायला एकटी जाते आणि उरलेले पैसे परत आणते, नेहमीच नाही. तिकडे तिलाही प्रत्येक वेळी सोडावं लागणार. आणि सोडणार कोण? मी आणि बायको, आळीपाळीने, मीटिंगच्या मधल्या वेळात. मी मघाशी बायकोला सांगत होतो की आता काय, सगळं दहा मिनिटांत घरपोच येतं. येतं की. पण आईला ज्वारीवाले आजोबा घरपोच कसे मागवता येणार?

पण मग काकांचा फ्लॅटही बाद होत होता. या रकान्यात त्याचे आकडे आज शून्याजवळ होते आणि दर महिन्याला वाढत होते, चोपन्न पायऱ्यांमुळे. वस्ती सोयीची आणि जिना गैरसोयीचा.

लिफ्टचा विषय आमच्या सोसायटीत सहा वर्षं चालू आहे. तळमजल्याला पार्किंग, वर तीन मजले, बारा फ्लॅट. पहिल्या मजल्याचं म्हणणं, आम्हाला लिफ्ट कशाला. दुसऱ्या मजल्याचं, निम्मे पैसे देऊ. तिसरा मजला तयार, पण त्यातले दोन परदेशात. सर्वसाधारण सभेत गेल्या वर्षी एक काका उठून म्हणाले, "आता रीडेव्हलपमेंट होणारच आहे, मग लिफ्टवर खर्च कशाला?" यावर सगळ्यांचं एकमत झालं. रीडेव्हलपमेंटचीही बोलणी चार वर्षं चालू आहेत. त्याच्यासाठी २०१९ पासून ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. ती होईल तेव्हा होईल, करार, मंजुऱ्या, भाड्याने बाहेर राहणं, बांधकाम, असं धरलं तर आई नव्या लिफ्टमध्ये कितव्या वर्षी पाय ठेवेल याचा हिशोब मी केला आणि ते पान सेव्ह न करता बंद केलं.

मग शोध बदलला. एजंटला सांगितलं: याच दोन-तीन गल्ल्या, पहिला मजला किंवा लिफ्ट, बजेट हे. तो हसला. लिफ्टवाल्या नव्या इमारतींचे दर ऐकून आम्हीही हसलो, जरा वेगळ्या कारणाने. पाच घरं बघितली. एकाचं भोगवटा पत्रच नव्हतं. एकात भावाभावांचा वाद; धाकट्याने चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी थोरल्याचा फोन आला. एक फार आवडलं, पण बाल्कन्या आत घेऊन हॉल मोठा केलेला, आणि बँकेचा माणूस मंजूर नकाशा बघून मान हलवत निघून गेला. (हा फुकटचा सल्ला घ्या: घर आवडायच्या आधी इंडेक्स टू, भोगवटा पत्र, मंजूर नकाशा, शेअर सर्टिफिकेट आणि जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, हे मागा. आवडल्यावर मागितलं की माणूस कागदांमध्ये चांगलंच तेवढं वाचतो.)

सहावं मिळालं. दोन गल्ल्या पलीकडे, १९८९ ची इमारत, पहिला मजला. ५४० स्क्वेअर फूट. म्हणजे नऊ वर्षं राहतोय त्यापेक्षा शंभर फूट कमी, आणि भूगावपेक्षा किती कमी ते मी काढत नाही. दुसरी खोली एवढीशी आहे की आई आणि लेक एकाच खोलीत झोपणार. माझं घरून काम करायचं टेबल हॉलच्या कोपऱ्यात, पडद्याआड. खिडकीखाली रस्ता आहे. सकाळी सहाला कचऱ्याची घंटागाडी गाणं वाजवत येते. गाडीला जागा नाही, लिहून दिलंय तसं. आम्ही गाडी विकतोय. बायको दोन दिवस यावर गप्प होती. भूगावच्या हॉलमधला डोंगर तिलाही आवडला होता, मलाही. मी नाही म्हणणार नाही, बुकिंगच्या मुलाला "यावेळी जमत नाही" असा मेसेज केला तेव्हा पोटात काहीतरी हललं. तिथे मला वेगळी स्टडी मिळाली असती. वयाच्या चाळिशीत माणसाला एक दार बंद करून बसायला मिळावं, एवढंही फार नसतं.

शेवटी काकांना फोन केला. सकाळी सव्वासातला, त्यांच्या वेळेला. म्हटलं, काका, फ्लॅट नाही घेत. तुम्ही थांबलात त्याबद्दल आभार. ते म्हणाले, किंमत जास्त वाटली का? थोडं बोलता येईल. म्हटलं, किंमत नाही हो काका, आईला जिना चढवत नाही.

पलीकडून जरा वेळ काहीच आलं नाही.

"अहो," काका म्हणाले, "मग आम्ही तुम्हाला भाड्याने का दिला होता असं वाटलं तुम्हाला? ९४ साली आम्ही हौसेने घेतला, वरचा मजला, हवा चांगली. हिला चढवेना म्हणून भावाच्या बंगल्यात खाली येऊन राहिलो. तुम्ही कधी विचारलं नाहीत, मीही बोललो नाही. तेव्हा तुम्ही तिघंच होतात."

लेक पोटात होती तेव्हा. बरोबर तिघंच.

शुक्रवारी दस्तनोंदणी आहे. एकट्या बायकोच्या नावावर घेतोय, एक टक्का वाचतो (आणि एक्सेलला पहिला प्रश्न तिने विचारला होता, तेवढा हक्क आहेच). काल संध्याकाळी आईला घर दाखवायला नेलं. ती खोल्या बघायच्या आधी ओटा किती उंच आहे ते बघून आली. मग खिडकीत उभी राहिली. खालून कुणीतरी हात केला, तिनेही केला. कोण म्हणून विचारलं तर म्हणाली, गिरणीतले आजोबा, ज्वारीवाले.

"फक्त गिरणी जरा लांब पडेल," ती म्हणाली.

"किती?"

"तीन मिनिटं तरी."

परत घरी येताना दुसऱ्या मजल्यावर ती नेहमीप्रमाणे स्टुलावर बसली. काकूंनी दार उघडलं, मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं झालं, आणि मग म्हणाल्या, स्टूल न्या बरोबर. आई म्हणाली, नको, तिथे सतराच पायऱ्या आहेत. मी मोजल्या होत्या त्या सोळा. तिचं म्हणणं, दाराचा उंबराही धरायचा. शुक्रवारी किल्ली मिळाली की परत मोजणार आहोत.